मोळी कोणाच्या चुलीसाठी

किनवटजवळच्या आमच्या वसतिगृहावरून एक बाई रोज सकाळी सागाच्या फांद्यांची मोळी घेऊन जाई. फाटकाशी क्षणभर थांबून मोळीखालची डोक्यावरची चुंबळ सारखी करी आणि मागच्या बोळात वळे. मी अधीक्षक, मुलांना वृक्षसंवर्धनाचे धडे देणारा. एकदा तिला अडवलेच.

"बाई, जंगल संपत चालले आहे. घरी गॅस का घेत नाही?"

ती हसली. "घरी गॅसवरच रांधते की, सर. ही मोळी तुमच्याच भटारखान्याची हाय. ठाव न्हाई तुम्हाला?"

बारा वर्षे मी त्याच चुलीवरची भाकरी खात होतो.

"नको म्हणत असाल तर माघारी नेते," ती म्हणाली. "पण आत पोरांचं पीठ मळून झालंय."

मी बोळात गेलो आणि मागचे दार तिच्यासाठी स्वतःच्या हाताने उघडले.