आप्पांच्या नोकरीचा साक्षीदार

मंडळी, आज सकाळी नातीने माझ्यासमोर मोबाईल धरला. "आजी, डोळ्यांची उघडझाप कर." मी केली. झाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला! दुपार झाली तरी मी घरात नुसत्या येरझारा घालतेय.

इतक्या सहज काम झालं आणि माझे वडील आठवले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. फाळणीपूर्वी ते कराचीत सरकारी कारकून होते. फाळणीत आम्ही डोंबिवलीत आलो, त्यांच्या नोकरीची नोंद असलेलं सर्व्हिस बुक तिकडेच राहिलं. पेन्शनसाठी इथलं ऑफिस म्हणालं, तिथे नोकरी केल्याचा साक्षीदार आणा.

मग दर रविवारी आप्पा मला घेऊन कल्याण कॅम्पात जायचे. निर्वासितांच्या एकेका बराकीपुढे उभं राहून आपल्या जुन्या ऑफिसचं नाव पुकारायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा आतून त्याच ऑफिसातला शिपाई मोटुमल धावत आला. "बाबूजी, आपकी कुर्सी खिडकी के पास!" म्हणत त्याने आप्पांना मिठीच मारली.

मोटुमलचंही पेन्शन असंच अडलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दोघांचे अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने मोटुमलला विचारलं, "तुम्ही तिथे नोकरीला होता, याला साक्षीदार कोण?"

मोटुमलने आप्पांकडे बोट दाखवलं.

"आधी दोघांपैकी एकाचं तरी सिद्ध करा," म्हणत कारकुनाने दोघांचेही अर्ज परत केले.

घरी येताना आप्पा एवढंच बोलले, "त्या कारकुनाच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं."

नात पुढच्या महिन्यात कॅनडाला नोकरीसाठी चाललीय. मघाशी तिला म्हटलं, "अगं, तिथे तुझ्या शेजारी कोण बसतं, त्याचं नाव लिहून ठेव."

ती हसली. तुम्हीही हसताय का?