आयव्ही कोणाची

ऑर्फा प्रॅटरने एकतीस वर्षं आमच्या शाळेत पोरांना राजमा आणि मक्याचा ब्रेड वाढला. हात भाजलेले, तोंड फटकळ. तिचा नवरा रॉस्को गिटार घेऊन नॅशव्हिलला गेला, गाण्यात मोठा झाला आणि लिनेट नावाच्या गायिकेशी लग्न करून मोकळा झाला. त्याचा विषय निघाला की ऑर्फा म्हणायची, "गेला तो गेला, घोरणं तरी थांबलं!"

पण आयव्हीचं नाव काढलं की ती उठून भांडी घासायला लागायची. आयव्ही तिची आणि रॉस्कोची लेक. अकरा महिन्यांची असताना न्यूमोनियाने गेली. रॉस्को तेव्हा कुठल्याशा जत्रेत गात होता. थडग्याला दगड आणायची ऐपत कुठली? ऑर्फाने ब्रेड भाजायच्या साच्यात सिमेंट ओतलं आणि ओलं असतानाच खिळ्याने लिहिलं, आयव्ही प्रॅटर. आईचं नाव घातलं नाही. आमच्या खोऱ्यात कोण कोणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लिहीत बसतंय कोण?

मग रॉस्कोच्या आयुष्यावर पिक्चर निघाला. शूटिंग इथेच. दफनाच्या प्रसंगाला रडणाऱ्या बायका हव्या होत्या. खोटं कशाला बोलू, मी नाचत गेले. निम्मं खोरं गेलं. तिथे कळलं की पिक्चरमध्ये आयव्ही लिनेटची लेक दाखवलीय. त्या दुःखाने म्हणे दोघांचं प्रेम आणखी घट्ट होतं. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उलट अशी काही रडले की दिग्दर्शकाने मला पुढे उभं केलं.

पिक्चर बघून ऑर्फा थेट माझ्या दारात आली.

"नवरा घेतला, घेऊ दे. लेकरू कशाला घेतलं गं, ज्युएल?"

"अगं, पिक्चर तो! खरं मानतंय कोण?"

मे महिन्यात थडगी सजवायचा रविवार आला. दरवर्षीसारखे सगळे गवत काढायला, फुलं लावायला जमलो. यंदा रॉस्कोचे चाहतेही आले होते. आयव्हीच्या सिमेंटवर लिनेटचे फोटो, खेळण्यातली अस्वलं. ऑर्फाने ते सगळं बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसली आणि खिळ्याने लेकीच्या नावाखाली आपलं नाव कोरायला लागली. दोन अक्षरं झाली असतील.

"अहो आजी! लिनेटच्या बाळाचं थडगं खराब करताय?" एक चाहती ओरडली. "लाज नाही वाटत?"

"माझी लेक आहे ती."

"काहीही!" असं म्हणत ती वळली आणि तिला मी दिसले. "अय्या! दफनात रडणाऱ्या त्या तुम्हीच ना? तुम्हाला बघून मी ढसाढसा रडले हो! तुम्ही सांगा, कोण ही बाई?"

बाकीच्यांनी माना खाली घालून गवत उपटायला सुरुवात केली. ऑर्फाने माझ्याकडे पाहिलं. घाबरली नव्हती ती. मी सांगणारच, याची तिला खात्री होती.

चाहती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हातात फोन, फोटोसाठी.

"शाळेत स्वयंपाक करायची," मी म्हटलं. "वय झालंय आता. काहीबाही बोलते."

आणि मेली मी फोटोत हसलेसुद्धा.

ऑर्फाने खिळा ॲप्रनच्या खिशात टाकला. उठायला मी हात दिला, तिने घेतला नाही.

"रडायला छान येतं हो तुला," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कोणीतरी ती दोन अक्षरं सिमेंटने बुजवून टाकली.