आवाज तसाच असतो, काका

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातली दोन वर्षं तिसरीतच. पण कानाचा लय गर्व. निफाडला स्टँडसमोर माझं टेप दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं मशीन ठेवलं, बटण दाबलं, की झाकण न उघडता मी सांगायचो: बेल्ट, हेड, नायतर मोटर. लोक म्हणायचे, ह्याच्या कानात मीटर बसवलंय. म्हणजे आधी मीच म्हणायचो, मग लोक.

एकदा नाशिकला कॉलेजात शिकणारी एक पोरगी टेप घेऊन आली. "काका, डावा स्पीकर बंद आहे. तेवढंच बघा." कॅसेट आतच ठेवून गेली.

वायर तुटली होती, जोडली. बटण दाबलं अन् हादरलो. विहिरीत पडलेला रेडा कसा डुरकंल, तसा माणूस गात होता. ढोल एकदा वाजला की दुसरा कधी वाजतो त्याची वाट बघत मी चहा संपवला. मागं कुणीतरी पेटीच्या एकाच पट्टीवर हात ठेवून झोपी गेलेलं. म्हणलं, बेल्ट सैल झालाय. नवा टाकला, तरी तेच. खात्री करायला कॅसेट दुकानाच्या टेपात घातली. तिथं रेडा जरा सुधारला. म्हणजे पोरीचंच मशीन स्लो! मोटरच्या मागं बारीक भोक असतं, आत पेच. तो पिळला अन् दोन्ही टेप सारखे केले.

संध्याकाळी तिनं ऐकलं अन् चेहराच पडला.

"काका, हे काय केलंत?"

"स्पीड दुरुस्त केला. तू सांगितलं नव्हतं, तरी केला."

"बिघडलाच नव्हता! आवाज तसाच असतो, काका. ह्याला डेथ मेटल म्हणतात. त्यातलंही हे संथ."

"डेथ म्हणजे?"

"मरण."

"मग मी वाचवलाच की त्याला."

ती हसली नाय. मला राग आला. म्हणलं, "पोरी, हा दुकानाचा टेप म्हणजे माझा काटा हाय. निफाडातली निम्मी मशिनं ह्याच्यावर लावलीत. अन् तुझा हा मरणारा शहाणा?"

तिनं कॅसेटच्या कागदावरचं बारीक इंग्रजी वाचलं. पहिलं गाणं साडेनऊ मिनिटांचं. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. माझ्या टेपावर ते साडेआठातच संपलं. "कागद चुकलाय," मी म्हणलो. मग तिनं भजनाची साठची कॅसेट लावायला लावली. अर्ध्या तासाची बाजू सत्ताविसाव्या मिनिटाला खट्!

काटाच फास्ट. अकरा वर्षं.

घड्याळ लावून तिचं मशीन परत स्लो केलं, मग माझं. राग माझा मला आलाच, पण गावाचा जास्त आला. अकरा वर्षं बुवा देवाला अशी हाक मारतायत की जशी यस्टी सुटतीय. सनई म्हणजे नुसता डास. अन् एकालाही वाटू नये, कायतरी चुकतंय? घरोघरी टेप, माणसी दोन कान, अन् माझी चूक धरली कुणी? विहिरीतल्या रेड्यानं!

त्यानंतर आलेलं हरेक मशीन मी घड्याळावर लावलं. पहिला आला भजनी मंडळाचा टेप. आठ दिवसांत मंडळाचे म्होरके दुकानात हजर.

"मिस्तरी, आमच्या बुवांना काय झालं? आजारी असल्यागत गातात."

"आवाज तसाच असतो, काका."

"आम्हाला शिकवतो का? दहा वर्षं ऐकतोय आम्ही!"

बेल्टवर ढकलता आलं असतं. माझं सगळं नाव त्या कानावर होतं. पण म्हणलं, आज खरं बोलू. "काका, दहा वर्षं तुम्ही माझ्यामुळं फास्ट ऐकलं. चूक माझी हाय."

म्होरके पोट धरून हसले. "तू अन् तुझ्या चेष्टा!" जन्मभर चेष्टा केल्या, त्याचं हे फळ. एकदा खरं बोललो, तर तीही चेष्टाच. हसता हसता टेप काखेत मारला अन् समोर स्टँडातल्या दुसऱ्या टेपवाल्याकडं गेले.

समोरच्यानं पाच मिनिटांत फास्ट करून दिला. देणारच. तो माझ्याच दुकानात शिकला होता, माझ्याच टेपावर.