शब्बाथ शाळेतला खोकला

काचपट्टी मी स्वतः पुन्हा रंगवून पाहिली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. लॅबची चूक नव्हती. थुंकी माझ्या सासऱ्यांची होती.

थुंकीत क्षयाचे जंतू दिसले की आम्ही केसला 'पॉझिटिव्ह' म्हणतो. म्हणजे माणूस नुसता आजारी नाही, खोकल्यातून तो आजार दुसऱ्यांना वाटतोही आहे. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती. शंकेला जागाच नव्हती.

साठ साल उजाडायच्या जरा आधीची ही गोष्ट. मी नागपूरला मेडिकल कॉलेजात मेडिसिनचा प्रोफेसर होतो. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दिग्रसच्या अलीकडे. सासरही तेच. जमेल त्या रविवारी मी, बायको शांता आणि मुलं तिकडे जात असू. उपासना झाली की चर्चच्या पडवीत मी पेशंट तपासायचो. चर्चच्या कमिटीवरही होतो. आठवडाभर कॉलेजात असलो तरी माझा जीव त्या पडवीत असे.

सासरे, योसेफ मास्तर, तिथली शब्बाथ शाळा चालवत. म्हणजे रविवारी लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगत, गाणी शिकवत. खोली एका खिडकीची. थंडीत तीही बंद. मुलं मास्तरांना खेटून बसत.

शांताला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना बरं करा. गावात मात्र बोलू नका."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. त्यांना घरी समोर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"औषध घेतो, जवाईबापू. तुमी म्हनसान तशा सुया बी घेतो."

"आणि शब्बाथ शाळा काही महिने बंद. थुंकी निगेटिव्ह आली की पुन्हा घ्या."

"ते होत नाही."

"मुलांना लागेल, मामाजी."

"आजवर कोनाले लागलं? देवाचं काम करून राह्यलो मी. त्याच्यापायी देव लेकरायले आजार देईन काय?"

स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया गावातला कंपाउंडर देऊ लागला. गोळ्या मी नागपूरहून नेत असे. राहिली शाळा. मी कमिटीपुढे गेलो. सेक्रेटरी दानिएलभाऊ, दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलं.

"तुमचं म्हननं खरं असन, डॉक्टर. पन बाहेर फुटलं तं लोक म्हनतीन, यायच्या चर्चात टीबी हाये. मंग आपल्या दारात कोन येईन?"

"मुलं वाचतील."

"अन् मास्तरची इज्जत? तुमचेच सासरे ना ते?"

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भला माणूस. भांडण मिटवायला म्हणाले, "आपण मास्तरांसाठी प्रार्थना करू."

"प्रार्थना मीही करतो, पाळकसाहेब. रोज सकाळी मुलाबाळांना घेऊन करतो. आणि मग वॉर्डात जाऊन औषध देतो."

शाळा मास्तरच चालवतील, असं ठरलं.

पुढच्या रविवारी उपासना संपताना मी उभा राहिलो. नाव घेतलं नाही. "आपल्यापैकी एकाला पॉझिटिव्ह टीबी आहे. मुलांना बंद खोलीत बसवू नका. सगळ्या मुलांना मी तपासून देतो," एवढंच म्हणालो. सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. मामाजी खाली बघत होते. शांता मुलांना घेऊन बाहेर निघून गेली.

तपासायला एकही मूल आलं नाही. कमिटीतून माझं नाव गेलं. दानिएलभाऊ फाटकापर्यंत सोडायला आले. "नागपुरात मोठमोठे चर्च हायेत, डॉक्टर. तुमाले तिकडंच बरं पडन."

बसमध्ये शांता एवढंच म्हणाली, "माझ्या बापाला तुम्ही मंडळीसमोर उघडं पाडलंत." पुढे बरेच दिवस सकाळच्या प्रार्थनेला ती मुलांच्या पलीकडे बसे, माझ्याजवळ नाही.

मामाजींचा खोकला कमी झाला. बरं वाटू लागलं तशी त्यांनी औषधं सोडली. क्षयात हे नेहमीचं. खोकला थांबतो, जंतू थांबत नाहीत. मी पाठवलेल्या गोळ्या कपाटात पडून राहिल्या. शाळा चालू राहिली.

पावसाळा सरता सरता दानिएलभाऊंची नात माझ्या वॉर्डात आली. रूथ तिचं नाव, मास्तरांच्या शाळेतली. ताप, उलट्या, मान ताठ. गावात हगवण-तापाचं औषध देण्यात दिवस गेले होते. मी पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाचा क्षय. लहान मुलांना तो मोठ्यांच्या खोकल्यातूनच मिळतो. होतं नव्हतं ते सगळं औषध दिलं. ती शुद्धीवर आली नाही.

ती गेल्यावर दानिएलभाऊ व्हरांड्यात माझ्यापाशी आले. आवाजात राग नव्हता.

"डॉक्टर, तुमाले तं ठाऊक होतं. मंग आमाले नीट काहून नाही सांगतलं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. रूथला गावी न्यायला गाडीची सोय करून दिली.

मातीला मामाजी गेले, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी औषध सुरू केलं आणि पुरतं घेतलं. थुंकी निगेटिव्ह आली. मी तसं कमिटीला कळवलं. त्यांना शाळेवर परत या असं कोणी म्हणालं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मलाही कोणी बोलावलं नाही. गावातल्या मुलांची तपासणी मात्र झाली. त्यासाठी अमरावतीहून दुसरा डॉक्टर आणला.

आम्ही नागपूरच्या चर्चला जाऊ लागलो. शांता पुन्हा माझ्या शेजारी बसू लागली. वडिलांविषयी ती माझ्याशी कधी बोलली नाही.

पॉझिटिव्ह केस सापडली की त्या माणसाभोवतीच्या सगळ्यांना स्पष्ट सांगा, असं मी रिटायर होईपर्यंत शिकवलं. सांगितल्यावर काय होतं, ते शिकवलं नाही. परीक्षेत तो प्रश्न येत नाही.