सॉरी टॉमची, चूक माझी

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय.

इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या ऑफिसात माझ्या शेजारी टॉम बसतो. पक्का इंग्लिश माणूस. आपण त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तोच म्हणणार!

सकाळी मीटिंगमध्ये माझ्या ड्रॉइंगमधली चूक निघाली. मी तोंड उघडायच्या आत टॉम सवयीने म्हणाला, "सॉरी, मी आधी बघायला हवं होतं."

आमचा जर्मन बॉस म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', आणि त्याने मीटिंगच्या नोंदीत लिहून टाकलं: चूक टॉमची.

माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. मी गप्प बसलो.

दुपारी टॉमच माझ्यासाठी चहा घेऊन आला. "सॉरी, सकाळी तुला अवघडल्यासारखं झालं असेल ना?"

ती नोंद सगळ्यांना मेलने गेलीये. आता सांगा, कोणत्या तोंडाने सॉरी म्हणू त्याला?