दोन काळे, दोन पिवळे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मला थांबवू नका. ह्या किश्श्यातलं गाढव मीच आहे, आणि तेही भरल्या मांडवात!

आमचा लग्नाच्या जेवणाचा धंदा. मी मालकीण, रफिकभाई आचारी. "बाजी, मिठाला हात लावू नका," असं मला तोंडावर सांगणारा हा एकच माणूस. त्या वर्षी कन्नड गावच्या काकासाहेबांच्या थोरल्या लेकीचं लग्न आम्हाला मिळालं. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडवर भलंमोठं लॉन. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच! काकासाहेबांनी मिशीवर हात फिरवत बजावलं, "ताई, एक माणूस जरी अर्धपोटी उठला, तर व्याह्यांसमोर माझं नाक कापलं जाईल. नीट झालं, तर धाकटीचं लग्नही तुमचंच."

आता भटारखाना लॉनच्या एका टोकाला, पंगत दुसऱ्या टोकाला. फोन करावा तर रफिकभाईंचे हात कणकेत. म्हटलं, वायरलेस घेऊ! दोन काळे ठोकळे एका बंद कारखान्याच्या भंगारातून आणले, दोन पिवळे नवेकोरे दुकानातून. दुकानदार म्हणाला, "ताई, काळ्याचं अन् पिवळ्याचं जमायचं नाय. पिवळा पिवळ्याशीच बोलंल."

मला असं कुणी सांगायचं? अहो, रुसलेल्या विहिणींना मी एका ताटात जेवायला बसवलंय!

एक काळा माझ्याकडं. मालकिणीच्या हातात ठोकळाच शोभतो, व्हय ना? रफिकभाईंना पिवळा, हलका आहे म्हणून. उरलेला काळा अन् उरलेला पिवळा तोंडाला तोंड लावून रबरानं करकचून बांधले. आवाज कानावर पडला की आपोआप पुढं पाठवायची सोय दोघांतही होती. मी बोलणार, ते बांधलेल्या काळ्यातून बाहेर पडणार, बांधलेला पिवळा ते ऐकून रफिकभाईंना पोचवणार. येताना उलटं. आहे की नाय डोकं?

"बाजी, इतना झंझट कायको?" रफिकभाई म्हणाले. "मी ओरडतो ना!"

"तुम्हाला नाय कळायचं ते," मी म्हटलं.

जोडी मधोमध टांगायला हवी होती. मधोमध होतं स्टेज. मी ती स्टेजच्या खांबाला, झेंडूच्या माळांत झाकून बांधली. सकाळी बोलून बघितलं, एकदम झकास! फक्त तेव्हा भटजी आले नव्हते. त्यांचा माईक त्याच खांबाला खेटून उभा राहणार, हे माझ्या डोक्यात कुठलं यायला?

मुहूर्त आला. मी पंगतीच्या टोकाला, शेजारी जनरेटर धडधडतोय, ठोकळा कानाला चिकटवलेला. अंतरपाट धरला. भटजी गरजले, "सावधान!" जोडीनं ते इमानदारीत भटारखान्यात पोचवलं.

"बाजी, क्या हुआ? कशाला सावधान?" रफिकभाई घाबरले.

मला वाटलं, ह्यांना गर्दीचा सुगावा लागला. "अहो, वऱ्हाड दुप्पट आलंय! वरणात पाणी वाढवा!"

"कितना?"

"दोन बादल्या! अन् जिलबी एकेकच!"

"काकासाहेब चिडतील ना!"

"त्यांना काय भ्यायचं? मिशी तेवढी वाघाची. बायकोनं डोळे वटारले की मांजर होतंय! अन् नवरदेवाच्या मामाला भज्यांपासून लांब ठेवा. चौथी फेरी आहे त्याची!"

मान वर केली, तर अख्खं वऱ्हाड नवरा-नवरीकडं पाठ करून माझ्याकडं तोंड करून उभं. अक्षता मुठीतच. भटजींचा आ वासलेला.

"रफिकभाई," मी ठोकळ्यात म्हटलं, "हे सगळे माझ्याकडं का बघतायत?"

हेसुद्धा जोडीतून भटजींच्या माईकात शिरलं अन् लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकू गेलं. अंतरपाटामागं नवरी खोखो हसत होती, आणि काकूंनी काकासाहेबांकडं बघून खरोखरच डोळे वटारले होते.

कसंबसं लग्न लागलं. पंगत बसली, अन् खरी फजिती पुढं आली. कुणी जेवेचना! "नको ताई, एकच जिलबी पुरे." "वरण नको, असू द्या मागच्यांना." मामांनी तर पानावर दोन्ही हात आडवे धरले.

मी भटारखान्यात धावले. तिथं कढया तुडुंब!

"मी पानी टाकलंच नाय बाजी," रफिकभाई म्हणाले. "तुमचा अंदाज मालूम आहे मला. पहिल्यापासून दुप्पटच केलंय."

म्हणजे अन्न उतू चाललंय आणि माणसं अर्धपोटी उठतायत! काकासाहेबांचा चेहरा पांढराफटक. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. सरळ स्टेजवर गेले, भटजींचा माईक धरला. "मंडळी, पाणी वरणात नाय, माझ्या अकलेत पडलंय! कढया भरल्यात. आणि मामा, भज्यांची अख्खी परात तुमची. माफ करा मला!"

मग मामाच हसत सुटले अन् पानावर परत बसले. त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड! जिलब्यांची पैज लागली. चार वाजेपर्यंत माणसं जेवत होती.

सगळं आवरल्यावर काकासाहेब ती बांधलेली जोडी हातात घेऊन आले. रबर काढलं, पिवळा बाजूला ठेवला अन् काळा रफिकभाईंच्या हातात दिला.

"धाकटीचं लग्न तुमचंच," ते म्हणाले. "पण ताई, बोलणारी माणसं दोन. काळे दोन. पिवळेही दोन. मग ह्यांचं लग्न कशाला लावत बसला होता?"

मी माझ्या ठोकळ्याकडं बघितलं. रफिकभाई चार पावलं लांब गेले आणि काळ्याचं बटण दाबून हळूच म्हणाले, "बाजी, सुनाई देता क्या?"

इतकं लख्ख ऐकू आलं, काय सांगू! मी माझा ठोकळा बंदच करून टाकला.