सात नंबरचा फोटो

विजेचे मीटर वाचत फिरणं ही काही मिरवायची नोकरी नव्हे, पण तिला ती मनापासून आवडायची. दिवसाला साठ-सत्तर दारं, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागा, आणि लोक तिथे काय काय कोंबून ठेवतात ते बघायची उघड परवानगी! भोचकपणाचा पगार मिळतो मला, असं ती स्वतःच म्हणायची. फोटो क्लबात तिला सगळे मीटरबाई म्हणत.

मीटरचा फोटो काढायचा तो सरळ समोरून, आकडे स्वच्छ दिसतील असा. ही सवय तिच्या हाताला अशी काही जडली की मांजर असो की डोंगर, सगळं बरोब्बर मधोमध. क्लबाच्या बैठकीत तिच्या फोटोवर कुणी चकार शब्द काढत नसे.

तिला तिथे नेलं सासऱ्यांनी. क्लबात त्यांचा शब्द शेवटचा. फोटो कितीही चांगला असला तरी स्तुती नाही. चार बोटं हवेत आडवी धरून "इथून काप" एवढंच म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली. तेव्हापासून कॅमेरा खिळ्याला आणि ते खुर्चीला. या महिन्यात मात्र त्यांनी जाहीर केलं, "बैठकीला येतो. कॅमेरा क्लबाला देऊन टाकतो, आणि मग मला कुणी बोलवायचं नाही." ऐकून तिला वाटलं, एवढाही धागा तुटला तर हा माणूस खुर्चीतून उठायचा कशासाठी?

तिने क्लबाच्या चिटणीसांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना गाठलं आणि या महिन्याच्या बैठकीतला खेळ स्वतःच ठरवून घेतला. फोटो पालथे ठेवायचे, मागे फक्त नंबर. एकेकाने एक उचलायचा आणि न दाखवता बोलून सांगायचा. स्वतःचा आला तर परत ठेवायचा.

वाचनालयाच्या माडीवर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कॅमेरा टेबलावर, शेजारी सासरे, पाठ ताठ. पहिला फोटो डॉक्टरांनी उचलला. "वा! काय उदासी भरलीय यात!"

"कशात भरलीय?" सासऱ्यांनी विचारलं. "झाडात, भांड्यात, का तुमच्या डोक्यात?"

मंडळी खो खो हसली. मग बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, "यात उजेड फार गोड आहे हो."

"कुठून येतोय?"

मावशींनी फोटो उलटासुलटा केला आणि परत पालथा ठेवला. सासऱ्यांचा हात कॅमेऱ्याकडे सरकला. आता उचलून देणार, हे तिने ओळखलं. पाळी तिचीच होती. तिने घाईने एक फोटो ओढला. सात नंबर. तिचा स्वतःचा! नियम तिनेच केलेला, पण तिने तो फोटो परत ठेवला नाही. कान मात्र गरम झाले.

"डावीकडून सांगते," ती मीटर वाचायच्या आवाजात म्हणाली. "खिडकी. तीन गज, मधला वाकलेला. ऊन तिरपं, दोन फरशांपर्यंत आलेलं. मधोमध लाकडी खुर्ची, रिकामी. उजव्या हातावरचं पॉलिश तळव्याएवढं उडालेलं. मागे भिंतीवर खिळा. खिळ्याला कॅमेरा."

सासरे हलले. "पट्टा कसला?"

"चामड्याचा. बक्कलापाशी चिरलेला."

"धूळ?"

"आहे."

"किती?"

हे तिला सांगवत नव्हतं. "बोटाने नाव लिहिता येईल, एवढी."

"आणि भिंगावर झाकण?"

"नाही, बाबा."

"वर्षभर उघडा? गाढव आहे मी!" त्यांनी चाचपत कॅमेरा ओढला, मांडीवर घेतला आणि शर्टाच्या टोकाने पट्टा पुसायला लागले. डॉक्टरांनी आभाराच्या भाषणाचा कागद हळूच खिशात घातला. तिचे डोळे भरून आले, पण तिने फोटो खाली ठेवला नाही.

"खुर्ची मधोमध म्हणालीस ना? म्हणजे फोटो तुझाच." त्यांची चार बोटं हवेत आडवी झाली. "उजवीकडून अर्धा इंच काप. भिंत फार झालीय. आणि मला का नाही बसवलंस त्यात?"

"तुम्ही जेवायला उठला होतात. एरवी उठता कुठे?"

ते हसले, वर्षभरात पहिल्यांदा. कॅमेरा मांडीवरच होता.

"आठ नंबर घे," ते म्हणाले. "तूच वाच. ही मंडळी नुसते उसासे टाकतात."